डावीकडचा हात

१

जावांचं एकमेकींशी पटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दोघींचं भांडी घासणं एकदा ऐकायला हवं होतं. ऐकायलाच, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. थोरली सिंकपाशी उभी असायची, धाकटी तिच्या मागे, जरा डाव्या अंगाला, हातात फडकं घेऊन. थोरली ताटली घासायची, विसळायची आणि मान न वळवता डावा हात मागे करायची. ताटली उचलली गेली की हात मोकळा. मग दुसरी. मध्ये एक शब्द नाही, की एक भांडं पडल्याचा आवाज नाही.

शब्द नाही म्हणजे कामाबद्दल नाही. बाकी धाकटीचं तोंड चालूच असायचं.

"ताई, कधीतरी मी मागे नसले तर?"

"तर फुटेल एक. तुझ्या पगारातून आणू."

"आधी पगार कायमचा तर होऊ दे," उजवीकडच्या फळीवर ताटल्या लावता लावता धाकटी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. उजवीकडून बोलले, चुकलंच माझं."

थोरलीला उजव्या कानाने जरा कमी ऐकू यायचं. आजार वगैरे काही नव्हता. कारखान्यात तिच्या शेजारी वर्षानुवर्षं एक बाई बसायची, तिला सगळ्या 'रेडिओ' म्हणायच्या, कारण ती बंद होत नसे. तिनेच बोलून बोलून हा कान घालवला, असं थोरली हसत सांगायची. रेडिओ आता निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेली होती. कान काही परत आला नाही.

धाकटीचा नवरा लांबच्या ट्रकवर असायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. थोरलीला मूलबाळ नव्हतं, आणि नवऱ्यामागे तिला जर कोणी असेल तर ही. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला साधी सुई ओवता येत नव्हती. आता तीच थोरलीच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली होती, आणि शिकाऊ मुदत नीट पार पडली तर कायम होणार होती. थोरलीने स्वतः साहेबांकडे शब्द टाकला होता. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचं ओझं तिला जास्त वाटलं.

२

कारखाना पाण्याचे छोटे पंप बनवायचा. पूर्वी बाया लांबलचक टेबलाशी ओळीने बसायच्या, एक दुसरीकडे सरकवायची. मग कारखाना नवा झाला. भिंती पांढऱ्या, जमीन आरशासारखी, प्रत्येकीचं टेबल सुटं, हातांत मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. या चष्म्यातून समोरचं खरं टेबल तर दिसायचंच, पण त्यावर आणखी दोन हात दिसायचे. हिरवे, काचेसारखे आरपार. ते हात पंप जोडून दाखवायचे आणि आपण आपले हात त्यांच्यात घालायचे, हातमोज्यात घालतो तसे. हात जुळले की बरोबरची खूण उमटायची आणि पुढचा सुटा भाग ट्रेमध्ये यायचा. नाही जुळले, तर काही यायचं नाही. बसा मग.

शिकाऊ बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, स्वतःच्या हाताकडे बघू नका, हिरव्याकडे बघा.

ते हिरवे हात थोरलीचे होते.

नवा कारखाना सुरू होण्याआधी तिला एका रिकाम्या खोलीत नेलं होतं. चष्म्यांचं सगळं काम एक तरुण इंजिनिअर बघायचा. तो नंबरचा चष्मा घालायचा आणि त्यावर कारखान्याचा, म्हणून बायांनी त्याचं नाव डबल चष्मा ठेवलं होतं. त्याने थोरलीच्या डोक्यावर डोळे झाकणारं जाड टोपण चढवलं, हातांत तारा लावलेले मोजे घातले आणि तो काचेपलीकडे जाऊन बसला. टोपणाच्या आत जुना हॉल होता, तिचं टेबल होतं, पंपाचे भाग होते. खोलीत मात्र काही नव्हतं. ती हवेतच पंप जोडत होती.

"काकू, रोज करता तसंच करा. विचार करू नका."

तिने विचार केला नाही. विचार न करता, न बघता काम करणं हीच तर तिची ख्याती होती. शेवटचा बोल्ट आवळला आणि सवयीने तयार पंप डावीकडे धरला. मग दुसरा, मग तिसरा. बाहेर आली तेव्हा डबल चष्म्याने टाळ्या वाजवल्या. "काकू, तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचे हात इथेच राहणार."

सगळे हसले होते. तीसुद्धा.

३

"ताई, तुमचा हात किती मऊ आहे हो," धाकटी एके दिवशी फडकं पिळत म्हणाली.

"भांडी घासून मऊ? तुला काय हवंय ते सरळ बोल."

"इथला नाही, चष्म्यातला. पंप झाला की तुम्ही हात पुढे करता ना, तो."

थोरली विसळत होती. "मी हात पुढे करत नाही. मी पंप डावीकडे देते."

"हो, ते दोन हात देतात. आणि तिसरा घेतो. तळवा वर करून. मी पंप त्या तळव्यावर ठेवते, मग खूण येते."

"तिसरा."

"डावीकडून येतो. तुमचाच ना? इंजिनिअरनी नंतर लावला असेल." धाकटीने ताटली पुसून रचली. "आधी मी घाबरले होते. पण आता बरं वाटतं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपलं कोणी शेजारी बसल्यासारखं. ऊबही लागते."

"चित्रातला हात कसा ऊब देईल?"

"मोज्यातून लागते. मशीनची असेल."

मशीनचीच असणार, थोरलीने स्वतःला सांगितलं. नव्या पोरी, नवी यंत्रं, काहीतरी भास होतच असणार. तिने पुढची ताटली मागे धरली. ती उचलली गेली तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिला मान वळवून बघावंसं वाटलं.

तिने बघितलं. धाकटीच होती. "काय झालं?" धाकटी म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला तशी थोरली धाकटीच्या टेबलाशी गेली. जुन्याजाणत्या बायांना चष्म्यातले हात दाखवत नसत, गरज नसे, म्हणून स्वतःचे हात तिने असे कधी पाहिलेच नव्हते.

धाकटीचा चष्मा लावला आणि टेबलावर दोन हिरवे हात उमटले. अंगठ्यावरचा भाजल्याचा व्रणसुद्धा होता. स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की जसं ओशाळं व्हायला होतं, तसं तिला झालं. हात झरझर चालत होते. अगं बाई, आपण इतकं भराभर करतो?

शेवटचा बोल्ट. हातांनी हिरवा पंप उचलला आणि डावीकडे धरला. धरून थांबले.

ती वाट बघत राहिली. तिसरा हात आला नाही. बघ, वेडी कुठली, असं ती मनात म्हणणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की हिरवे हात हलके झाले. म्हणजे काय झालं, हे शब्दांत सांगणं कठीण आहे. ज्याने आयुष्यभर वजनं हातावेगळी केली त्यालाच ते कळेल. कोणी भार उचलून घेतला की मनगट जरासं वर उसळतं ना, तसं ते उसळलं. आणि पंप तिथे नव्हता.

धाकटी डबा धुऊन आली. "दिसला?"

"नाही."

"तुम्ही पंपाकडे बघत असाल. डावीकडे बघायचं, खाली. त्या पट्ट्याच्या पलीकडे."

"कुठल्या पट्ट्याच्या?"

धाकटीने बोट दाखवलं. टेबलाच्या डाव्या अंगाला जमिनीवर पिवळा पट्टा होता आणि पट्ट्यापलीकडे प्रेस. पंपाच्या झाकणावर छाप मारणारी, माणसाच्या उंचीची. ती आपली ठरल्या वेळाने खाली यायची आणि वर जायची, सुट्टीतही. तिचा धप्प आवाज हॉलमध्ये सारखा असायचा, म्हणून तो कोणाला ऐकू येत नसे.

"तिथे हात न्यायचा नाही असं सांगितलंय ना तुला? चष्मा लाल होतो."

"माझा होत नाही," धाकटी म्हणाली. "आधी हात अलीकडे यायचा. हल्ली जरा लांब असतो. तिथे दिल्याशिवाय खूणच येत नाही हो. खूण आली नाही तर माझी मुदत..."

घंटा झाली. बाया हसत खिदळत आत आल्या.

५

डबल चष्मा भला पोरगा होता, त्याने ऐकून घेतलं. थोरलीचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं, पुढे नेलं, मागे नेलं.

"काकू, दोनच हात. मोजेच दोन होते, तिसरा येईल कुठून? नवीन माणसाला होतं असं. डोळ्यांना ताण येतो."

"आणि ती पट्ट्यापलीकडे हात नेते, तरी चष्मा लाल का होत नाही?"

त्याने वहीत काहीतरी टिपलं. "ते बघतो. मोजमाप सरकलं असेल."

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. शिकलेला माणूस सांगतोय, पडद्यावर दाखवतोय. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"साहेब, त्या दिवशी रेकॉर्डिंग करताना माझ्या हातातले पंप तुम्ही घेत होतात ना?"

"मी? मी तर काचेच्या बाहेर होतो."

"मग कोणी घेतले?"

"काकू," तो हसला, "पंप नव्हतेच. तुमच्या हातात काहीच नव्हतं. हवा होती. वजन वगैरे काही लागत नाही त्यात."

ती हो हो म्हणाली. जिन्यावर येऊन कठड्याला धरून उभी राहिली. त्या दिवशीचा डावा हात तिला स्वच्छ आठवत होता. पंप धरला, भार गेला, हात मोकळा. हवेत काम करताना पंपाचं वजन हाताला लागलं नव्हतं हे खरंच होतं. पण दर वेळी ते उतरलं मात्र होतं.

६

धाकटीच्या मोज्याचं बोट गेलं ते त्याच आठवड्यात.

बोट नाही, नुसतं मोज्याचं. करंगळीचं टोक प्रेसखाली आलं आणि पापडासारखं चपटं झालं. आतलं बोट कसं निसटलं हे तिचं तिलाही सांगता येईना. कोणी विचारू नये म्हणून तिने मोजा खिशात घालून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला.

"उद्यापासून जायचं नाही," थोरली म्हणाली.

"थोडेच दिवस राहिलेत ताई."

"नोकरी गेली खड्ड्यात. हात बघ तुझा."

"हात आहे की." धाकटीने पाची बोटं हलवून दाखवली आणि मग तिचा चेहरा जरा पडला. "ताई, त्याने ओढलं नाही हं. उगाच का खोटं बोलू? तो फक्त धरून राहिला. मी पंप दिला तरी सोडेना. जसं काही अजून द्यायचं राहिलंय."

थोरली आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि रेडिओला फोन लावला. तिच्या मनात काय होतं ते उघड आहे. शेजारी बसून इतकी वर्षं पंप घेणारी तीच. काही झालं असेल का तिचं? कळवलं नसेल कोणी?

"मेले नाही गं अजून," पलीकडून खणखणीत आवाज आला. "नातवाने कान किटवलेत, मला बोलायलाच मिळत नाही. बोल."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. इकडचं तिकडचं बोलून मग तिने विचारलं, "तुझा हात कसा गं? माझ्या डावीकडे बसून पंप घ्यायचीस तो."

"डावीकडे? मी कधी डावीकडे बसले?"

"म्हणजे?"

"अगं, उजवीकडे बसायचे मी. तुझा उजवा कान कोणी फोडला? मीच ना? डावीकडे तर भिंत होती. आपण डबे ठेवायचो तिच्या कडेला." रेडिओ हसली. "वय झालं तुझं."

"मग माझे पंप कोण घ्यायचं?"

"कोण घेणार, ट्रॉलीत ठेवत असशील तू. मी काय बघत बसले होते? तुझं काम इतकं भराभर, की बघेपर्यंत टेबल रिकामं. आम्ही म्हणायचोसुद्धा, हिला चार हात आहेत की काय."

फोन ठेवून थोरली पलंगावर बसली. ट्रॉली. असेल ट्रॉली. तिने आठवून बघितलं. उजवीकडे रेडिओची बडबड आठवली, तेलाचा वास आठवला, पुढ्यातले बोल्ट आठवले. डावीकडचं काही आठवेना. तिकडे ती कधी बघतच नव्हती.

७

"नवीन रेकॉर्डिंग करा," तिने डबल चष्म्याला सांगितलं. "जुनं पुसून टाका. माझेच हात, पण नव्याने घ्या." मोज्याचं चपटं बोट तिने त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा त्याने वरच्या साहेबांना न विचारताच खोली उघडली.

तेच टोपण, तेच तारांचे मोजे. आत जुना हॉल उजळला, करड्या रेषांचा, माणसांवाचून. लांब टेबलं, रिकाम्या खुर्च्या. तिने मुद्दाम बघून घेतलं. उजवीकडे रेडिओची खुर्ची होती. डावीकडे भिंत होती. रेडिओच बरोबर.

"सुरू करा काकू."

तिने पंप जोडायला घेतला, सावकाश. हिरवे हात चालू लागले. शेवटचा बोल्ट आवळला, आणि या वेळी पंप समोर, ट्रेमध्ये ठेवायचा, असं तिने घरूनच ठरवून आणलं होतं. डावीकडे द्यायचाच नाही. म्हणजे नव्या रेकॉर्डिंगमध्ये घेणारं कोणी असणारच नाही. साधा हिशोब.

ती पंप समोर ठेवायला गेली, तशी डावीकडे खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. भिंतीकडून. चांगल्या कानाकडून.

आपण आज दिला नाही, तर तो उद्या कोणाकडे मागेल, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिने डावीकडे बघितलं. पंप हातात असताना, आयुष्यात पहिल्यांदा.

तिथे सगळं रेषांचं होतं, भिंत, टेबलाची कड, सगळं. हात रेषांचा नव्हता. तो हिरवाही नव्हता. हाडामांसाचा होता, नखांत जुनं तेल गेलेला, तळवा वर करून टेबलावर ठेवलेला, वाट बघून बघून थकल्यासारखा. मनगट. मनगटापुढे बाही, तिच्या जुन्या गणवेशाची. तिची नजर कोपरापर्यंत गेली आणि तिथून वर काही गेली नाही. वर, तिच्या चेहऱ्याच्याच उंचीवर, काहीतरी तिच्याकडे वळलं होतं, एवढं तिला कळत होतं.

तिने पंप त्या तळव्यावर ठेवला, आणि आपला हात मागे घेतला नाही.

"तिला सोड," ती पुटपुटली. "ती लहान आहे. मी आहे ना."

हात ऊबदार होता. धाकटी खोटं बोलली नव्हती.

"काकू?" डबल चष्म्याचा आवाज आला. "काही म्हणालात?"

"नाही."

"मग आत्ता 'बरं' कोण म्हणालं?"

टोपणाच्या आत तिला घामाचा थेंब भुवईवरून उतरताना जाणवला. "मीच," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

८

धाकटी कायम झाली. नव्या हिरव्या हातांबरोबर तिचं छान जुळलं. दोनच हात, पंप समोर ठेवणारे; त्या दिवशी तो एक पंप सोडला तर पुढचे सगळे थोरलीने समोरच ट्रेमध्ये ठेवले होते. जरा करमत नाही, असं तिने एकदा म्हणून दाखवलं, पण पगाराचं पत्र आलं त्या दिवशी ती शेजारपाजारच्या सगळ्यांकडे जाऊन आली.

त्या दुपारी जेवणं उरकून थोरली सिंकपाशी उभी होती. खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं. बऱ्याच दिवसांनी मन हलकं होतं. ताटली घासली, विसळली, मागे धरली. उचलली गेली. दुसरी धरली. उचलली गेली. धाकटी आज गप्प होती, आनंदाने गप्प असेल, असं थोरलीला वाटलं. वाट्या झाल्या, पेले झाले.

"ताई!" धाकटीचा आवाज जिन्यातून आला, धापा टाकत. "खालच्या काकू सोडतच नव्हत्या हो. थांबा, येते मी पुसायला, एकट्या करू नका."

थोरलीचा डावा हात मागेच होता. मोकळा. पाठीमागे भांडं ठेवल्याचा आवाज झाला नव्हता, आत्ताही नाही आणि मघापासून एकदाही नाही.

चपला काढल्याचं तिला ऐकू आलं. आता पावलं येतील. दारातून आत आलं की सिंकच्या डावीकडे, नेहमीच्या जागी.

"येऊ नकोस," थोरली म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले. "तू बाहेरच बस. आजच्या दिवस आराम कर."

"अहो पण पुसणार कोण?"

सिंकमध्ये एकच ताटली उरली होती. थोरलीने ती घासली. नीट, कडेकडेने. विसळली. मग खिडकीतल्या उन्हाकडे बघत, मान अजिबात न वळवता, तिने ती मागे धरली.

"होतंय गं," ती म्हणाली. "आमचं होतच आलंय."